स्वयंपाकघरातील मध : मागणी, गुणवत्ता आणि माहितीची विषमता

भारतीय घरात मध हा अन्नापेक्षा औषध म्हणूनच अधिक परिचित आहे. पंचामृत, खोकल्यावरील चाटण आणि अलीकडे सकाळचे कोमट पाणी यांपलीकडे त्याचा वापर फारसा होत नाही. २०२४ मध्ये देशातील नैसर्गिक मधाचे उत्पादन सुमारे १.४ लाख टन होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे १.०७ लाख टन मध निर्यात होऊन १७.७५ कोटी डॉलर मिळाले. म्हणजे किलोमागे जेमतेम १.६६ डॉलर. परकीय खरेदीदारावरील हे अवलंबन कमी करावयाचे असेल, तर घरगुती मागणी वाढावयास हवी, आणि ती औषधाच्या चमच्यातून नव्हे, तर स्वयंपाकातूनच वाढू शकेल.

मात्र 'साखरेऐवजी मध' हा प्रचार आर्थिक कसोटीवर टिकत नाही. एक कप साखरेचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते. केकमध्ये तिच्या जागी पाऊण कप मध पुरतो, असे पाककृतींत सांगितले जाते. परंतु मध घन असल्याने त्या पाऊण कपाचे वजन सुमारे २५५ ग्रॅम भरते. साखरेच्या कितीतरी पट दराने घेतलेला पदार्थ वजनाने अधिक लागतो, आणि दोहोंतील ऊर्जा जवळजवळ सारखीच, सुमारे ७७५ कॅलरी, असते. वजन घटविण्यासाठी मधाचा केक करणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

मधाचे खरे मूल्य अन्यत्र आहे. त्यात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७ टक्के पाणी असते. फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवते, त्यामुळे केक वा पाव अधिक दिवस मऊ राहतो. फ्रुक्टोज लवकर तपकिरी होत असल्याने पदार्थही लवकर करपतो. म्हणून ओव्हनचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसने कमी ठेवावे लागते. एक कप मधामागे पाव कप दूध किंवा पाणी कमी करावे आणि मधातील आम्लता शमविण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. उष्णतेने मधाचा सुगंध उडतो. त्यामुळे भाजण्यासाठी मोहरीचा मध पुरेसा आहे. मुजफ्फरपूरचा लिचीचा किंवा महाबळेश्वरचा जंगली मध पदार्थ निवल्यावर वरून घालणे शहाणपणाचे. 'चरकसंहिते'तही तापविलेला मध वर्ज्य मानला आहे. आधुनिक रसायनशास्त्रानुसार उष्णतेने त्यातील विकरे नष्ट होतात व हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल हे संयुग वाढते. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. एक वर्षाखालील बालकास मात्र कोणत्याही रूपात मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून विषबाधेचा धोका असतो.

आता परीक्षार्थींच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असलेला मध थंडीत गोठतो; मोहरीचा तर फार लवकर. ही नैसर्गिक क्रिया असूनही ग्राहक गोठलेल्या मधास भेसळयुक्त समजून नाकारतो. मग बाटलीबंद करणारा तो तापवून, गाळून नितळ करतो, आणि साखरेचा पाक मिसळणाऱ्याचे काम सोपे होते. पाण्यात थेंब टाकणे, वात पेटविणे या घरगुती चाचण्यांनी आधुनिक पाक ओळखता येत नाही. विक्रेत्यास ठाऊक असलेली गुणवत्ता खरेदीदारास ठाऊक नसली, की निकृष्ट माल उत्तम मालास बाजारातून हटवितो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते. मधाचा बाजार हे त्याचे आपल्या फडताळातील उदाहरण होय.

डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान व पर्यावरण केंद्राने अनेक प्रसिद्ध नाममुद्रांचे नमुने शुद्धतेच्या प्रगत चाचणीत उतरले नाहीत, असे जाहीर केले. कंपन्यांनी ते अमान्य केले. त्याच वर्षी राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा झाली आणि आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आवारात मध-चाचणी प्रयोगशाळा सुरू झाली. प्रयोगशाळा पाक पकडू शकते; गोठलेली बाटली दुकानात परत करणाऱ्या ग्राहकाचा समज बदलणे तिच्या कक्षेत येत नाही. अशी बाटली कोमट पाण्यात काही वेळ ठेवली, तरी मध पुन्हा पातळ होतो.