कळांच्या बासरीसाठी लाकूड कोणते?

गिरीजच्या वाडीतल्या घरांत पावसाळा सुरू झाला की लाकडी दारे फुगतात, खिडक्या लागत नाहीत आणि कपाटाचा खण ओढताना दोघे जण लागतात. दिवाळीनंतर तेच दार खुशाल फटीसह डोलू लागते. आता अशी कल्पना करा, की वसईच्या या दमट हवेत कोणी हाताने कळांची लाकडी बासरी करायला बसला आहे. दाराला रंधा मारता येतो; बासरीला मारता येत नाही. म्हणून त्याचे निम्मे यश लाकूड निवडतानाच ठरते.

आपली वेळूची बासरी तुमच्या परिचयाची आहे. तिच्यात पोकळी निसर्गच करून देतो. युरोपातील आडव्या बासरीसाठी मात्र लाकूड लेथवर कातून आतून भोक पाडावे लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तिला पहिली कळ बसली. पुढे चार, सहा, आठ कळा झाल्या. १८४७ मध्ये थेओबाल्ड बोम याने नळकांड्याच्या आकाराची धातूची बासरी केली. त्याआधीच्या बासरी करणाऱ्यांचे आवडते लाकूड होते बॉक्सवुड.

बॉक्सवुड हे बक्सस नावाच्या झुडूपवजा झाडाचे पिवळसर लाकूड. झाड इतके सावकाश वाढते, की हाताच्या मनगटाएवढे खोड व्हायला कित्येक दशके जातात. त्यामुळे त्याची छिद्रे अतिशय बारीक असतात. भिंगाशिवाय दिसत नाहीत. सूक्ष्म रेघांचे मोजपट्टे, जुन्या पुस्तकांतील चित्रांचे ठसे याच लाकडावर कोरत. हिमालयात याचा भाऊबंद आहे. जम्मूतील राजौरी भागात त्याला चिक्री म्हणतात आणि त्याचे कंगवे प्रसिद्ध आहेत.

बॉक्सवुडची बासरी गोड वाजते, असे पुष्कळ वादक सांगतात. हे खरे का? १९७१ मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या करून पाहिल्या. ऐकणाऱ्यांना आवाजातला फरक ओळखता आला नाही. बासरीत वाजते ती आतील हवा. भिंत फक्त तिला आकार देते. मग लाकूड निवडायचेच कशाला? उत्तर असे, की भिंतीने तो आकार जपला पाहिजे. माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

लाकूड हवेतून ओल घेते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर काही आठवड्यांत लाकडातील ओल १५ टक्क्यांच्या आसपास जाते. ५० टक्के असेल, तर ती ९ टक्क्यांवर येते. गंमत अशी, की लाकूड सर्व दिशांनी सारखे आटत नाही. बॉक्सवुड ओल्याचे पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे ९ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे ६ टक्के आटते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हे आटणे ओल ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर होते. म्हणजे वसईच्या पावसाळ्यात केलेली बासरी सोलापूरच्या उन्हाळ्यात नेली आणि ओल सहा टक्क्यांनी उतरली, तर त्या आटण्याचा पाचवा हिस्सा होईल. १९ मिलिमीटरचे भोक एका दिशेने ०.३४ मि.मी. आणि दुसऱ्या दिशेने ०.२३ मि.मी. आटेल. भोक गोल न राहता किंचित अंडाकृती होईल.

कळीची अडचण तर आणखी जवळची. पितळी कळ लाकडातच कोरलेल्या खाचेत एका खिळीवर फिरते. खाच ५ मि.मी. रुंद असेल, तर ती ०.०९ मि.मी.ने आवळते, पितळ मात्र हवेतली ओल घेत नाही. श्रावणात सफाईने हलणारी कळ वैशाखात अडकते! शिवाय फुंकरीतली वाफ आत थंड होऊन पाणी होते, आतील बाजू फुगते, बाहेरची कोरडीच राहते, आणि लाकूड तडकते. म्हणून आतून जवसाचे तेल लावतात.

बॉक्सवुड या बाबतीत निर्दोष मुळीच नाही. संग्रहालयांतील त्याच्या कित्येक बासऱ्या वाकलेल्या दिसतात. आफ्रिकेतील काळे लाकूड जवळपास निम्मेच आटते, आणि क्लॅरिनेट त्याचाच करतात. बॉक्सवुड घ्यायचे, तर सरळ धाग्याचे, गाठ नसलेले घ्यावे. खोड उभे चिरून गाभा टाकून द्यावा, कारण तडे तिथूनच फुटतात. टोकांना मेण लावून सावलीत वाळवावे. भोक आधी लहान पाडावे, तुकडा काही महिने तसाच ठेवावा, आणि मगच पुरते कोरावे. घाई करणारा हमखास फसतो.

आपल्या रानात याला पर्याय आहे का? हेद हा मोठा वृक्ष. त्याचे पिवळे, बारीक धाग्याचे लाकूड कातकामाला चांगले. बागेच्या कुंपणाला लावलेली सुवासिक कुंतीही बॉक्सवुडसारखीच घट्ट असते, पण खोड बारीक. बासरी तीन-चार जोडांत होत असल्यामुळे वीतभर लांबीचे तुकडेही पुरतात, हे लक्षात घ्या.

तुम्ही स्वतः एक प्रयोग करा. सारख्या जाडीची, टोके सरळ कापलेली काठी उंच, अरुंद बाटलीतील पाण्यात उभी तरंगत ठेवा. बुडालेल्या भागाला पूर्ण लांबीने भागले की सापेक्ष घनता मिळते. सागाची काठी बरीच वर राहील. बॉक्सवुडची जवळपास पूर्ण बुडते. दुसरी काठी ताजी तोडलेली घ्या, सावलीत ठेवा, दर रविवारी तिचे वजन वहीत लिहा. वजन उतरायचे थांबले, की ती कातायला तयार झाली.