टेबलावर उभे राहिले माथेरान

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नाही. आमच्या घरीही तीच रड होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, पण ती कुणी बोलून दाखवत नव्हते. अब्बा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. नंतर मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, हाताला थोडा कंप सुटला. नमाजला मशिदीत जायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि गप्प बसायचे, एवढाच त्यांचा दिवस उरला होता. एकदा स्क्रू पिळताना पाना हातातून निसटला, तेव्हा ते म्हणाले, "आता या हातांचा कुणाला काय उपयोग?" ते ऐकून आम्हाला रात्रभर चैन पडले नाही.

म्हणून एका रविवारी आम्ही सगळे कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलो. पुण्यात राहूनही ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांनी जरूर पाहावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून उभे राहिलेले हे छोटे शहर 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल पडतात, गाड्या थांबतात, पुन्हा सुटतात. दिवे मालवले की त्या शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. मुले गाड्यांकडे पाहत होती आणि आम्ही अब्बांकडे. ते काचेला कपाळ टेकवून सांधे बदलताना पाहत होते. परतताना थोरल्याने विचारले, "दादाअब्बा, आपल्याला घरी असे करता येईल?" अब्बा म्हणाले, "एवढे नाही. पण एक स्टेशन करता येईल."

त्यानंतर अमेरिकेत असलेल्या मामूंनी एक किट पाठवले. हे किट बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखे नसते. डब्यात लेसरने कापलेल्या पातळ लाकडी भिंती, काडीएवढ्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, धातूचे बारीक सुटे भाग आणि नकाशांची एक पुस्तिका, एवढेच होते. कशालाही रंग नाही, काहीही आयते जोडलेले नाही. मोजायचे, कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि मगच चिकटवायचे. प्रमाण 1:87. म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम 2 सेंटिमीटरचा आणि सात फुटी दार अडीच सेंटिमीटरहूनही कमी.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. मुलांनी उत्साहाने भिंतींना एका बाजूने पाण्याचा रंग लावला आणि झोपायला गेली. सकाळी भिंती पापडासारख्या वळल्या होत्या. धाकटी रडू लागली. अब्बांनी भिंत हातात घेतली, दुसरी बाजू ओल्या कापडाने पुसली, दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवली आणि वर स्वयंपाकघरातला पाटा ठेवला. "दोन दिवस हात लावायचा नाही," म्हणाले. लाकूड ज्या बाजूने ओले होते तिकडून फुगते, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा आणि आतून कोपऱ्यांना आडव्या पट्ट्या लावायच्या. हे पुस्तिकेतही लिहिले होते, पण आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. ते दोन दिवस मुलांनी दर तासाला पाटा बघितला, पण उचलला नाही. सब्र या शब्दावर आम्ही त्यांना कितीतरी वेळा सांगितले असेल. तो त्यांना त्या पाट्याने समजावला.

स्टेशन आकार घेऊ लागले तेव्हा धाकटीने विचारले, "हे कुठल्या गावाचे आहे?" पुस्तिकेत अमेरिकेतल्या एका खेड्याचे चित्र होते. तिला ते पटेना. "आपल्याकडचे का नाही?" अब्बा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माथेरानच्या लाइनवरचे करू. ती लाइन आपल्याच माणसांनी बांधली आहे."

मुलांना हे माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नीट माहीत नव्हते. नेरळ ते माथेरान ही छोटी रेल्वे मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिली. तिच्यामागचा ध्यास त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा. काम 1904 मध्ये सुरू झाले आणि 1907 मध्ये गाडी धावू लागली. त्या काळी सुमारे 16 लाख रुपये खर्च आला. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशने घेत सुमारे 21 किलोमीटरची वाट डोंगर चढते. काही ठिकाणी चढ 20 ला 1 आहे, म्हणजे 20 फूट पुढे गेले की 1 फूट वर. घाटातली वळणे फार आवळ असल्याने रुळांमधले अंतर फक्त 610 मिलिमीटर ठेवले. आपली नेहमीची ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची असते.

आता गणित आले. 610 ला 87 ने भागले की 7 मिलिमीटर. तयार मिळणारे छोटे रूळ 9 मिलिमीटरचे असतात. आमच्या देखाव्यात गाडी धावणार नव्हती, म्हणून अब्बा म्हणाले, "रूळ आपणच टाकू." पत्र्याचा एक तुकडा कानशीने घासून त्यांनी बरोबर 7 मिलिमीटरचे माप तयार केले. स्लीपर काड्यापेटीच्या काड्यांचे. रुळांसाठी पितळी तार बोहरी आळीतून आणली. हात थरथरत होता, पण त्यांनी कोपर टेबलावर रोवले, श्वास धरला आणि तार जागेवर बसली. नातू बघत होता. "बारीक काम बोटांनी नाही, कोपराने करायचे," त्यांनी त्याला शिकवले. वर्कशॉपमधली ही विद्या त्यांनी आम्हाला कधी दिली नव्हती. आम्हीही कधी मागितली नव्हती.

बाकीचे सामान घरातच सापडले. छपराचे पन्हाळी पत्रे जेवणाच्या फॉइलचे. उवांच्या बारीक फणीवर फॉइल दाबली की हुबेहूब पन्हाळी उमटते. गंजासाठी गेरूची पूड. डोंगर थर्माकोलचा, वर प्लॅस्टर ऑफ पॅरिस. चाळलेल्या तांबड्या मातीने माथेरानचा रंग आला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवून झुडपे केली. माती आणि खडी पक्की बसवण्यासाठी पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडले. साबणामुळे गोंद गोळा न होता आत मुरतो. आमचा चढही खरा आहे: 60 सेंटिमीटरच्या फळीवर रूळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला 3 सेंटिमीटर चढतात.

शेवटी प्रश्न आला माणसांचा. डब्यात बोटाच्या पेराएवढी धातूची माणसे होती. दादींनी विचारले, "ही बसवायची का?" हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची हदीस आपल्याला माहीत आहे आणि तिच्या आधारे अनेक आलिम मुलांच्या खेळण्यांना मुभा देतात. पण वर्षानुवर्षे दिवाणखान्यात राहणारा देखावा हे खेळणे आहे का, यावर आमच्याच घरात दोन मते झाली. प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. आम्ही माणसे बसवली नाहीत. दादींनीच मार्ग सुचवला. बाकावर एक गाठोडे, भिंतीला टेकवलेली काठी, माठ, आणि कोपऱ्यात वुजूसाठी मण्याचा केलेला लोटा. पाहणारा म्हणतो, प्रवासी आत्ताच नमाजला उठून गेला असावा.

असे किट परदेशातून मागवणे महाग पडते, हे खरे. पण त्याशिवायही सुरुवात करता येते. आइस्क्रीमच्या काड्या, जाड पुठ्ठा, फुटपट्टी, धारदार कटर आणि पांढरा गोंद पुरे. मोठ्या स्टेशनपेक्षा एक केबिन निवडा. आधी कागदावर माप काढा. कटर मोठ्यांच्याच हातात राहू द्या. आणि घरात कुणी सुतार, फिटर, शिंपी, गवंडी म्हणून आयुष्य घालवलेले वडीलधारे असतील, तर त्यांना आधी बोलवा.

आमचे स्टेशन पूर्ण व्हायला सुट्टी पुरली नाही. शाळा सुरू झाल्यावरही दर रविवारी असरनंतर काम चालले. मोबाइल घरातून गेला नाही, पण त्या दोन तासांत तो कुणी मागितला नाही. परवा शेजारचा मुलगा तुटलेली सायकल घेऊन अब्बांकडे आला. आमच्या थोरल्यानेच त्याला पाठवले होते. अब्बांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "पाना आण." अल्लाह त्यांच्या हातांत अशीच बरकत ठेवो. आमीन.