नारिंगी रेषांचा ट्रिगरफिश : प्रवाळभित्तीचा राखणदार

उष्ण कटिबंधातील उथळ सागरात प्रवाळांच्या असंख्य पिढ्यांनी आपल्या चुनखडीच्या सांगाड्यांतून विस्तीर्ण भित्ती रचल्या आहेत. त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांत ट्रिगरफिश हे एक लक्षणीय कुल असून त्यात सुमारे ४० जाती आहेत. त्यांपैकी नारिंगी रेषांच्या ट्रिगरफिशचा परिचय आपण येथे करून घेऊ. बॅलिस्टापस अंड्युलेटस हे त्याचे शास्त्रीय नाव. तांबडा समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. आपल्या लक्षद्वीपच्या भित्तींवरही तो आढळतो. पुढे नायजर नदीच्या शोधामुळे विख्यात झालेला स्कॉटिश प्रवासी मुंगो पार्क याने सुमात्राच्या सफरीनंतर १७९७ साली या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

हा मासा पूर्ण वाढला तरी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या फूटपट्टीएवढाच होतो. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, रंग गर्द हिरवट, त्यावर तिरप्या नागमोडी नारिंगी रेषा आणि शेपटीच्या बुडाशी मोठा काळा डाग, अशी त्याची ओळख सांगता येईल. डोळे तोंडापासून बरेच मागे व वर असतात आणि ते स्वतंत्रपणे फिरू शकतात. एरवी तो शेपटीने पोहत नाही. पाठीवरील व पोटाखालील मागच्या परांच्या लहरींनी संथपणे पुढे सरकतो.

ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. या कुलातील माशांच्या पाठीवर पुढच्या बाजूस तीन काटे असतात. पहिला जाड काटा उभा राहिला की दुसरा लहान काटा त्याला मागून पाचरीसारखा अडकतो. मग पहिला काटा कितीही दाबला तरी खाली बसत नाही. दुसरा दाबताच मात्र तो सहज मिटतो. संकट येताच किंवा रात्री विश्रांतीसाठी हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो आणि काटा उभारून स्वतःला तेथे घट्ट अडकवून घेतो. मग त्याला ओढून काढणे शिकारी माशालाही कठीण जाते.

दिवसा तो बहुधा एकटाच अन्न शोधत हिंडतो. खेकडे, शिंपले, प्रवाळांची टोके असे पुष्कळ काही तो खातो. परंतु त्याचे महत्त्व आहे ते समुद्री अर्चिनांच्या शिकारीत. साळिंदरासारख्या काट्यांनी भरलेले हे गोलाकार प्राणी खडकावरील शैवाल खरवडून खातात. मर्यादित संख्येत ते उपकारकच असतात, कारण शैवाल माजले तर प्रवाळ गुदमरतात. परंतु त्यांची संख्या वाढली की शैवालाबरोबर भित्तीची चुनखडीही झिजू लागते. छिन्नीसारख्या बळकट दातांचा हा मासा अर्चिनांचे कवच फोडतो आणि त्यांच्या संख्येस आळा घालतो. मागे सरकलेल्या डोळ्यांमुळे काट्यांपासून त्यांचा बचाव होतो, असे मानले जाते.

याचा प्रत्यय केनियाच्या किनाऱ्यावर आला. तेथे टिमोथी मॅक्क्लानहन या संशोधकाने सहकाऱ्यांसह अनेक वर्षे मासेमारीच्या व संरक्षित भित्तींची तुलना केली. मालिंदी, वाटामू यांसारख्या संरक्षित सागरी उद्यानांत ट्रिगरफिश टिकून होते आणि अर्चिन थोडे होते. जेथे मासेमारीमुळे हे मासे विरळ झाले होते, तेथे अर्चिनांची गर्दी झाली होती आणि जिवंत प्रवाळ कमी आढळले. मासेमारी थांबवली तरी ही घडी लगेच पूर्ववत बसत नाही. ट्रिगरफिश पुन्हा पुरेसे होण्यास बरीच वर्षे लागतात.

मासेमारीवर ज्यांचे पोट आहे त्या कोळी बांधवांना आपण दोष देऊ शकत नाही. प्रवाळभित्ती ढासळली तर इतर मासेही जातात, आणि त्याची पहिली झळ त्यांनाच बसते. म्हणून भित्तीचे काही भाग मासेमारीपासून मुक्त राखणे हे मासे आणि माणसे या दोघांच्याही हिताचे आहे. लक्षद्वीपची बेटे तर प्रवाळांवरच उभी आहेत. तेथील सागराचा विचार करताना या फूटभर लांबीच्या राखणदाराची आठवण आपण ठेवली पाहिजे.