खेळाचे यंत्र आणि त्याचे कोठार

प्लेस्टेशन हे नाव तुम्ही नक्कीच ऐकले असेल. कोणी ते नातेवाइकांच्या घरी पाहिले असेल, तर कोणी गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन त्यावर खेळले असेल. कोणी ईदीचे पैसे साठवून ते घेण्याचे स्वप्नही पाहत असेल. पण या यंत्रात असते काय? त्यातली जागा का भरते? ती वाढवता येते का? असे विचारले, तर बहुतेक जण गप्प बसतात. ज्या वस्तूसाठी घरातून हजारो रुपये खर्च होणार, ती आधी समजून घेणे शहाणपणाचे असते. म्हणून या पाठात आपण प्लेस्टेशन ५ या यंत्राची माहिती घेऊ.

घरच्या टीव्हीला जोडून खेळ खेळण्याच्या यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. खरे पाहता हा एक संगणकच आहे. फरक इतकाच, की तो मुख्यतः खेळांसाठी बनवलेला असतो. जपानच्या सोनी कंपनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी पहिले प्लेस्टेशन जपानमध्ये विक्रीस आणले. केन कुतारागी या अभियंत्याने ते घडवण्यात पुढाकार घेतला होता. त्याचे खेळ सीडीवर येत. पण त्या सीडीवर नवीन काही लिहिता येत नसे. मग आपला खेळ कुठवर आला, याची नोंद ठेवायची कुठे? त्यासाठी एक छोटे मेमरी कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. त्यात फक्त १२८ किलोबाइट जागा होती आणि तिचे १५ कप्पे केलेले होते. कप्पे भरले, की जुनी नोंद पुसा किंवा नवे कार्ड आणा. म्हणजे जागेची अडचण आजची नाही. ती या यंत्राच्या जन्मापासूनची आहे.

सन २००० मध्ये प्लेस्टेशन २ आले. त्याचे मेमरी कार्ड ८ मेगाबाइटचे, म्हणजे आधीच्या कार्डाच्या चौसष्टपट होते. सन २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये संगणकासारखी हार्ड डिस्क बसवली गेली. २० गिगाबाइट आणि ६० गिगाबाइट असे तिचे दोन प्रकार होते. सन २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आले, तेव्हा ती ५०० गिगाबाइट झाली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आले. त्याची जागा ८२५ गिगाबाइट होती. आकडा तर वाढलाच. पण त्याहून मोठा बदल जागेच्या जातीत झाला. तो बदल नीट समजून घेऊ.

तुमच्या घरचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक ओट्यावर होतो. पीठ, डाळ, तांदूळ मात्र कोठीत ठेवलेले असतात. ओटा लहान असतो, कोठी मोठी असते. कन्सोलमध्येही असेच दोन भाग असतात. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ गिगाबाइटची जलद स्मृती आहे, तो झाला ओटा. ८२५ गिगाबाइटचा साठा आहे, ती झाली कोठी. मराठीतला ‘साठा’ म्हणजे आपल्या उर्दूतला ‘ज़ख़ीरा’. हा शब्द मराठीतही ‘जखिरा’ या रूपात आलेला आहे. खेळ सुरू झाला, की लागणारी चित्रे, आवाज आणि नकाशे कोठीतून ओट्यावर आणावे लागतात. ते येईपर्यंत खेळणारा पडद्याकडे पाहत बसतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते. एक बारीक दांडा पुढेमागे सरकून तिच्यावरची माहिती वाचतो. माहिती एका ठिकाणी नसेल, तर दांड्याला इकडून तिकडे धावावे लागते. त्यात वेळ जातो. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क एका सेकंदात साधारण ५० ते १०० मेगाबाइट माहिती देत असे. प्लेस्टेशन ५ मध्ये चकती नाही आणि दांडाही नाही. तिच्या जागी एसएसडी आहे. यात माहिती चिपांमध्ये साठवलेली असते. काहीही फिरत नाही, काहीही सरकत नाही. तिचा वेग एका सेकंदाला साडेपाच गिगाबाइट आहे. आता हिशेब करा. एक गिगाबाइट माहिती आणायला हार्ड डिस्कला किमान दहा सेकंद लागतील. एसएसडीला एका सेकंदाचा पाचवा भागही पुरेल.

या वेगामुळे खेळ बनवणाऱ्यांचेही काम सोपे झाले. पूर्वी खेळात लांबलचक लिफ्ट आणि अरुंद बोळ मुद्दाम ठेवत. आपण त्या बोळातून चालत असताना यंत्र आतल्या आत पुढची माहिती गोळा करत असे. प्रतीक्षा झाकण्याची ती एक युक्ती होती. आता तिची गरज फारशी उरली नाही.

या यंत्राचे इतर गुण थोडक्यात पाहू. त्याच्या मुख्य प्रोसेसरमध्ये आठ भाग एकाच वेळी काम करतात. तो फोर-के टीव्हीवर अतिशय स्पष्ट चित्र दाखवतो. प्रकाशाचे किरण कुठे पडतील आणि पाण्यावरून किंवा काचेवरून कसे परततील, याचे गणितही तो करतो. त्यामुळे सावल्या आणि प्रतिबिंबे खरी वाटतात. हातात धरायच्या कंट्रोलरला ड्युअलसेन्स म्हणतात. तो वेगवेगळ्या प्रकारे थरथरतो. खेळात पाऊस पडला तर हाताला बारीक थेंब जाणवतात. धनुष्याची दोरी ताणली तर बोटाखालची कळ जड होते. प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळही या यंत्रावर चालतात, हा आणखी एक फायदा आहे.

आता जागेच्या प्रश्नाकडे वळू. खोक्यावर ८२५ गिगाबाइट लिहिलेले असले, तरी यंत्र चालवणारी प्रणाली त्यातील काही जागा घेते. खेळांसाठी सुमारे ६६७ गिगाबाइट उरतात. पहिल्या प्लेस्टेशनची पन्नास लाख मेमरी कार्डे एकत्र केली, तर एवढी जागा होईल! तरीही ती अपुरी पडते. कारण काही मोठे खेळ १०० गिगाबाइट किंवा त्याहून अधिक जागा घेतात. असे सहा खेळ ठेवले, की सातव्याला जागा नाही. खेळाची डिस्क विकत घेतली, तरी खेळ यंत्रात उतरवावाच लागतो. डिस्कवरून तो थेट चालत नाही.

जागा वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे यूएसबीने बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. ती २५० गिगाबाइट ते ८ टेराबाइटपर्यंतची चालते. एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट. प्लेस्टेशन ४ चे खेळ या बाहेरच्या डिस्कवरूनच खेळता येतात. पण प्लेस्टेशन ५ चे खेळ तिच्यावर फक्त ठेवता येतात. खेळायचे असतील, तर ते परत आत आणावे लागतात. कारण तुम्ही आता सांगू शकाल: तिचा वेग कमी पडतो. ही डिस्क म्हणजे घराचा माळा समजा. तिथे वस्तू ठेवता येते, पण तिथे बसून स्वयंपाक करता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्राच्या आत आणखी एक एसएसडी बसवणे. त्यासाठी एम.२ नावाची रिकामी खाच आधीपासूनच ठेवलेली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने प्रणालीत सुधारणा केली आणि ही खाच सर्वांसाठी खुली झाली. आरंभी तिच्यात ४ टेराबाइटपर्यंतची एसएसडी चालत असे. सप्टेंबर २०२३ पासून ही मर्यादा ८ टेराबाइट झाली. ही एसएसडी एखाद्या लहान पट्टीएवढी असते. तिची रुंदी साधारण २२ मिलिमीटर असते. मात्र बाजारातली कोणतीही पट्टी चालत नाही. तिचा वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० मेगाबाइट किंवा अधिक असावा, असे कंपनी सांगते. वेगाने काम करताना ती तापते. म्हणून तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, असणे आवश्यक आहे. हीटसिंकसह तिची जाडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. नाहीतर खाचेचे झाकण बसणार नाही.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण काळजीचे आहे. आधी यंत्र पूर्ण बंद करावे. सर्व तारा काढाव्यात. यंत्र गार होऊ द्यावे. मग बाजूचे आवरण काढून खाचेवरील झाकणाचा स्क्रू सोडवावा. पट्टी हळूच बसवावी, स्क्रूने घट्ट करावी आणि झाकण पुन्हा लावावे. यंत्र सुरू केल्यावर ते पट्टी फॉरमॅट करण्यास सांगते. फॉरमॅट केले, की तिच्यावरील जुनी माहिती पुसली जाते, हे विसरू नका. हे काम मोठ्या माणसांना सोबत घेऊनच करावे.

यंत्र चांगले असले, तरी ते मिळायला हवे ना? प्लेस्टेशन ५ चे बाजारात येणे आणि करोनाची साथ यांची गाठ पडली. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ते अमेरिका, जपान आणि आणखी काही देशांत आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. डिस्क ड्राइव्ह असलेल्या यंत्राची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती. जगभर चिपांची टंचाई होती. मोटारींचे कारखानेसुद्धा चिपांवाचून अडले होते. त्यामुळे यंत्रे आली, की काही मिनिटांत संपत. काही लोकांनी संगणकाच्या मदतीने भराभर खरेदी केली आणि तीच यंत्रे चढ्या भावाने विकली. ज्यांनी घाई केली, त्यांना जास्त पैसे मोजावे लागले. सन २०२३ मध्ये पुरवठा सुधारला. ज्यांनी धीर धरला, त्यांना काळाबाजाराची गरज पडली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच यंत्राचे सडपातळ रूप निघाले. त्यात १ टेराबाइट जागा होती. एप्रिल २०२४ मध्ये ते भारतात आले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आले. त्यात २ टेराबाइट जागा आणि अधिक शक्ती होती. पण त्या वेळी ते भारतात विक्रीस आले नाही. त्यातील नव्या वायफायला ६ गिगाहर्ट्झच्या लहरी लागतात आणि तेव्हा आपल्याकडे त्यांना परवानगी नव्हती. यंत्र कुठे मिळेल, हे कारखान्याबरोबर देशाच्या नियमांवरही अवलंबून असते, ते असे.

मित्रांनो, घरात हा विषय निघाला, तर केवळ यंत्राची किंमत सांगू नका. पूर्ण हिशेब मांडा. खेळ वेगळे विकत घ्यावे लागतात. डिस्क ड्राइव्ह नसलेले यंत्र स्वस्त असते. पण त्यावर मित्राची डिस्क लावता येत नाही आणि खेळून झालेला खेळ विकताही येत नाही. १०० गिगाबाइटचा खेळ इंटरनेटवरून उतरवायचा आणि रोज २ गिगाबाइट डेटा मिळत असेल, तर एका खेळाला पन्नास दिवस लागतील. जागा लगेच वाढवण्याचीही गरज नसते. खेळून झालेला खेळ पुसला, तरी जागा मोकळी होते. विकत घेतलेला खेळ पुन्हा उतरवता येतो. रोज किती वेळ खेळायचे, याची मर्यादाही या यंत्रात पालकांना घालता येते.

हा हिशेब मांडल्यावर कोणाच्या घरी यंत्र येईल, कोणाच्या घरी येणार नाही. ज्याच्या घरी येणार नाही, त्याचे काही अडत नाही. कोठीतून ओट्यावर माहिती कशी येते, हे ज्याला कळले, त्याला संगणक आणि मोबाइलही थोडे कळले. हे ज्ञान विकत घ्यावे लागत नाही, आणि त्याला जागाही कमी पडत नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात किती जागा होती?
(आ) एसएसडीला हीटसिंक का लागते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतील फरक सांगा.
(आ) सन २०२१ मध्ये हे यंत्र सहज का मिळत नव्हते?

३. ‘ओटा’, ‘कोठी’ आणि ‘माळा’ हे शब्द पाठात यंत्राच्या कोणत्या भागांसाठी वापरले आहेत?

४. साठा, दप्तर, हिशेब, किंमत यांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत, ते शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.