आंबिलीला दाटपणा कुठून येतो?

आंबील पातळ झाली की बहुतेक घरांत पीठ वाढवतात. त्याने दाटपणा येतो, पण जिभेवर कच्च्या पिठाचा चिकटा राहतो आणि आंबटपणा दबून जातो. नागपुरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील हवीच. इतकी वर्षं ती करताना आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना माझं मत पक्कं झालं आहे: दाटपणा विस्तवावर मिळतो, चव वेळ दिल्याने मिळते, पिठाचं माप त्यानंतर.

बिअर करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक ती पाणचट झाली म्हणून हळहळतात. मोड आणून वाळवलेले जव भरडून ते गरम पाण्यात ठेवतात. पाणी ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पिष्टापासून यीस्टला पचणारी साखर जास्त होते, यीस्ट ती संपवतं आणि बिअर हलकी, कोरडी होते. पाणी ६८-६९ अंशांवर ठेवलं तर यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन जास्त उरतात आणि घोट भरीव लागतो. सारा फरक पाच-सहा अंशांचा! महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. पण धान्य, पाणी, आच आणि सूक्ष्मजीव यांचं हे शास्त्र आंबिलीच्या गंजातही पाहता येतं.

ज्वारी जवापेक्षा हट्टी. जवाचं पिष्ट साधारण ६० ते ६५ अंशांना फुगू लागतं; ज्वारीच्या पिष्टाला ७० च्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी नावाची दाट, आंबूस बिअर करतात. तिच्यात मका आणि मोड आणलेली ज्वारी असते, आणि रात्रभर आंबवलेलं मिश्रण आधी शिजवून घेतात. आपल्या आंबिलीची वाट तिथपर्यंत बरीचशी सारखी आहे. पुढे ते यीस्टकडे वळतात, आपण ताकाकडे.

म्हणून एक उकळी आली की गॅस बंद करू नका. आधण ठेवा, आंबवलेलं पीठ बारीक धारेने सोडा आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत राहा. पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, तेव्हा आंबील चकाकू लागते. वाटीभर पिठाला सगळं मिळून सहा-सात वाट्या पाणी पुरतं. थोड्या ज्वारीच्या कण्या घातल्या तर आणखी छान. माझ्या सासूबाई कण्यांशिवाय आंबील करतच नसत. ताक मात्र शेवटी, गॅस बंद केल्यावर. आम्लात फार वेळ उकळलेलं पिष्ट तुटतं आणि घट्ट झालेली आंबील पुन्हा सैल पडते. ताक फाटतं ते वेगळंच.

चवीची सुरुवात गिरणीपासून होते. ज्वारीच्या अंकुरात तेल असतं, त्यामुळे फार दिवस ठेवलेलं पीठ कडवट होतं. पंधरा दिवसांत संपेल इतकंच दळून आणा. पीठ कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवलं की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू कामाला लागतात. आपल्या मे महिन्यात सकाळी कालवलेलं पीठ संध्याकाळी तयार असतं. जानेवारीत पूर्ण रात्र आणि वर दुपारही लागते. आदल्या वेळचं आंबलेलं पीठ चमचाभर घातलं तर काम लवकर होतं. वास ताकासारखा स्वच्छ आंबट हवा. कुबट वास आला किंवा रंगीत बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, चाखूही नका. मग आलं, मिरची, जिरं, खोबऱ्याचे काप, वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. लसूण नैवेद्याला नको, एरवी जरूर घाला.

कच्च्या पिठात आंबट दही ढवळून लगेच उकळायची पद्धत हल्ली फार दिसते. त्यात आंबटपणा असतो, पण ज्वारीची स्वतःची चव उमलत नाही. या महालक्ष्म्यांना पीठ आदल्या रात्रीच भिजवा.