अल्पायुषी अणूंचा प्रवास

मुंबईहून जबलपूरचे अंतर लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर आहे आणि आगगाडीस त्यासाठी पंधरा-सोळा तास लागतात. प्रवाशाला हा काळ केवळ कंटाळवाणा. परंतु फ्लुओरीन-१८ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे आयुष्य त्यात संपत आलेले असते. त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा, म्हणजे दर ११० मिनिटांनी उरलेल्या अणूंपैकी निम्मे विघटन पावतात. अशी आठ आवर्तने १४ तास ४० मिनिटांत पुरी होतात व मूळच्या २५६ भागांपैकी एकच भाग शिल्लक राहतो. विमान मिळाल्यास गोष्ट निराळी. तरी विमानतळावर जाणारा वेळही हिशेबातून सुटत नाही.

हे द्रव्य साठवून ठेवता येत नाही. ते रोज नव्याने करावे लागते. त्याकरिता सायक्लोट्रॉन हे यंत्र वापरतात. अर्नेस्ट लॉरेन्स या अमेरिकन शास्त्रज्ञास त्याबद्दल १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आला.

शेतकरी गोफण गरगर फिरवून दगड सोडतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. येथे दोरीचे काम बलवान चुंबक करतो; तो हायड्रोजनच्या विद्युत्भारित कणांना वर्तुळात वळवितो. प्रत्येक फेरीत विद्युत्‌दाबाचा धक्का बसून कणांचा वेग वाढतो व वर्तुळ मोठे होते. मात्र गोफणीची दोरी लांबत नाही, ही लांबत जाते. आणि मौज अशी की, वर्तुळ मोठे झाले तरी फेरीस लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच ठराविक तालाने दिलेले धक्के नेमके लागू पडतात. अखेरीस प्रोटॉनांचा झोत जड ऑक्सिजन असलेल्या थोड्याशा पाण्यावर आदळतो. ऑक्सिजन-१८ च्या अणुकेंद्रात प्रोटॉन शिरतो, न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि फ्लुओरीन-१८ तयार होते.

शिशाच्या जाड भिंतींआड ते ग्लुकोजसदृश शर्करेस जोडून रुग्णाच्या शिरेत टोचतात. कर्कपेशी शर्करेच्या हावऱ्या असतात. ही बनावट शर्करा त्या ओढून घेतात, पण तिचे पुरते पचन होत नाही. ती तेथेच अडकून पडते. फ्लुओरीनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनास भेटताच दोघेही नाश पावतात व दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. रुग्णाभोवतालचे शोधक-कडे त्यांची नोंद घेते आणि अशा असंख्य रेषांवरून गणकयंत्र चित्र उभे करते. अर्थात मेंदू व सुजलेला भागही शर्करा ओढतो. म्हणून चित्र वाचण्यास जाणता वैद्यच हवा.

दूरच्या शहरांसाठी दुसरा एक उपाय आहे. टेक्नेशियम-९९एम याचा अर्धायुकाल अवघा ६ तासांचा. पण त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९ हे ६६ तासांत निम्मे होते. ते मुख्यत्वे अणुभट्टीत तयार करतात. पंधरा तासांच्या प्रवासात त्याचा जेमतेम एक सप्तमांश भाग नष्ट होतो. रुग्णालयात पोहोचल्यावर त्यातून सलाइनच्या साहाय्याने टेक्नेशियम वेगळे काढतात, गाय दुहावी तसे. हाडे व हृदय यांच्या तपासणीस ते उत्तम. परंतु शर्करेच्या मागावर राहण्याचे काम त्याच्याने होत नाही.

त्या कामासाठी सायक्लोट्रॉन रुग्णापासून फार दूर असून चालत नाही. ३ तास ४० मिनिटांच्या मोटारप्रवासानंतर चौथा हिस्साच उरतो; म्हणून निघतानाच चौपट द्रव्य भरावे लागते. वाटेत आणखी ११० मिनिटे मोडली, तर चार रुग्णांसाठी आणलेले द्रव्य दोघांनाच पुरते.