केमोच्या दिवसांतली उठबस

हातांची घडी छातीशी घालायची आणि कशाचाही आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, बसायचं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर शरीराची क्षमता घटल्याची ती खूण समजतात. केमो घेणाऱ्याच्या फाइलमध्ये वजन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सगळे आकडे असतात. त्यांच्या शेजारी हा सेकंदांचा आकडाही हवा. वसई पूर्वेच्या सातिवलीहून उपचाराला जाणाऱ्यांसाठी तर हवाच. एरवी गाळ्यात पॅकिंगला दिवसभर उभी राहणारी बाई परळच्या टाटा रुग्णालयात केमोला निघते तेव्हा आधी रिक्षाने वसई रोड, मग लोकल, मग प्रभादेवीचा जिना, आणि परतताना पुन्हा तेच सगळं. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, पण डब्यापर्यंत आपल्याच पायांनी पोचावं लागतं. त्या पायांतली ताकद टिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्यासाठीचा व्यायाम औषधांसारखा कागदावर लिहून दिला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

केमो सुरू झाली की घरचे म्हणतात, आराम कर. त्यामागची माया खरी असते, पण स्नायूंना हा आराम महागात पडतो. मळमळीने जेवण तुटतं, प्रथिनं कमी पडतात, उलटी थांबवायला दिलेलं स्टेरॉइड जास्त दिवस चाललं तर मांड्या झिजवतं, त्यात अंथरुणाची भर पडते. वजनकाट्यावर हे दिसेलच असं नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या केमोत अनेकींचं वजन उलट वाढतं. चरबी वाढते आणि स्नायू आत कमी होत जातात. डोस बहुतेकदा उंची आणि वजनावरून काढतात, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोघींपैकी जिचे स्नायू कमी, तिला तोच डोस जास्त जड जाण्याची शक्यता असते. मग डोस कमी करावा लागतो किंवा केमोची पुढची सायकल लांबवावी लागते. म्हणूनच कॅनडातल्या कर्निया आणि सहकाऱ्यांची २००७ ची चाचणी मला महत्त्वाची वाटते. केमो सुरू करणाऱ्या २४२ स्त्रियांपैकी काहींनी ताकदीचा व्यायाम केला, काहींनी दमाचा, काहींनी काहीच नाही. ठरलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध घेऊ शकलेल्यांचं प्रमाण व्यायाम न केलेल्या गटात सुमारे ६६ टक्के होतं, ताकदीच्या गटात ७८. त्या चाचणीचं मुख्य मोजमाप जीवनमानाचं होतं आणि त्यात ठळक फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. औषध पुरं होण्याचा निष्कर्ष एका चाचणीचा आहे. पण स्नायू आणि ताकद वाढल्याचं त्यात स्पष्ट दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने बरं करण्याच्या हेतूने चाललेल्या उपचारांदरम्यान दमाचा आणि ताकदीचा असा दोन्ही व्यायाम सुचवावा, असं सांगितलं.

प्रत्यक्षात हा व्यायाम फार साधा दिसतो. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या खांद्यापर्यंत नेणं, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं. आठ ते पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. खरी गोम वाढवत नेण्यात आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज व्हायला लागलं की बाटलीऐवजी तांदळाची पिशवी घ्यायची, उंच खुर्ची सोडून बुटकी. एकवीस दिवसांच्या सायकलमध्ये केमोनंतरचे पहिले काही दिवस हलके ठेवायचे, पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा गर्दी टाळून घरातच करायचं, तिसऱ्या आठवड्यात भार वाढवायचा. ताप, छातीत दुखणं, चक्कर, नव्याने सुरू झालेलं हाडाचं दुखणं यापैकी काही असलं तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. प्लेटलेट फार उतरल्या असतील, कॅन्सर हाडांत गेला असेल किंवा पाय बधिर झाले असतील, तर फिजिओथेरपिस्टने आखून दिल्याशिवाय भार उचलूच नये.

बायकांना सर्वांत मोठी भीती हाताच्या सुजेची. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताने काही उचलू नकोस, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ च्या चाचणीत संशोधक श्मिट्झ यांनी अशी सूज आधीच असलेल्या १४१ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही. ती बळावण्याचे प्रसंग वजनं न उचलणाऱ्यांपैकी २९ टक्के, तर उचलणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांमध्येच आले. दुसरा आक्षेप असा की धुणी, भांडी, पाण्याच्या बादल्या, हा व्यायाम नाही तर काय? कष्ट आहेत, यात वादच नाही. पण त्या कामात भार आपल्या हातात नसतो: बादली आज जड जाते म्हणून अर्धी भरता येत नाही, आणि सोपी झाली म्हणून कुणी मुद्दाम मोठी घेत नाही. वाकून-वाकून कंबर भरून येते, मांडीला मात्र वाढता भार मिळत नाही. घरकाम थोडं दुसऱ्यांनी उचललं तर व्यायामाला त्राण उरेल, हे घरच्यांनी समजून घ्यावं. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो: ही माहिती परदेशातली, देखरेखीखाली मिळालेली, वसई पूर्वेच्या चाळीत शिकवणार कोण? टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरात मांडले गेले. योग म्हणजे ताकदीचा व्यायाम नव्हे, पण आपल्याकडच्या गर्दीच्या रुग्णालयातही शेकडो जणींना व्यायाम शिकवता येतो, एवढं त्यातून दिसतं. एकदा तिथे नीट शिकवलं, कागदावर किती वेळा आणि किती फेऱ्या ते लिहून दिलं, पुढच्या केमोला खुर्चीची वेळ पुन्हा मोजली, की मधल्या दिवसांत घरी मोजायला शाळकरी मूलही पुरतं.